कचेरीची सायकल

मी एकेकाळी सायकलवरून कामाला जात असे, असं सांगितलं की आमच्या घरात हशा पिकतो. मुलांच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभंच राहत नाही. त्यात त्यांची चूक नाही. आज मी रिक्षात बसले तर रिक्षा आधी एका बाजूला कलते, आणि मग रिक्षावाला मागे वळून बघतो. पण दीड-पावणेदोन वर्षं मी रोज साडेचार मैल जात होते आणि साडेचार मैल येत होते, आणि तेही लोणावळ्यात, जिथे सपाट म्हणावी अशी जागा रेल्वेच्या फलाटाखेरीज मला कुठे सापडली नव्हती.

मूळची मी नागपूरची. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा एक-दोन वर्षंच झाली होती. म्हणजे आम्ही नागपूरकर नुकतेच महाराष्ट्रात आलो होतो. आम्ही जागचे हललो नव्हतो, आमच्या खालची सीमा हलली होती. त्यामुळे लग्न करून लोणावळ्याला जायचं म्हणजे आपल्याच राज्यात जायचं, असं मला वाटलं होतं. पोचल्यावर कळलं, हा परमुलूख आहे. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. बाजारामागच्या आळीत आमची एक खोली. नागपूरचा पाऊस येऊन, काम करून, निघून जातो. इथला पाऊस बिस्तरा घेऊन येतो. आषाढात भिंतींवर हिरवी बुरशी, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी, आणि मिठाचं पाणी. ओळखीचं कुणी नाही. मी बोलायला तोंड उघडलं की दुकानदार विचारायचा, बाई कुठल्या तुम्ही? यजमानांच्या पाळ्या असत. ते कामावर गेले की मी आणि ती भिंत. भिंतीवर रोज थोडी नवी बुरशी येई, तेवढीच काय ती हालचाल.

असं चार महिने चाललं, आणि मग मला ग्रामसेविकेची नोकरी लागली.

आता ग्रामसेविका म्हणजे काय, हे आमच्या सुनांना समजावून सांगावं लागतं. सरकारनं तेव्हा शिकलेल्या मुलींना खेड्यांत पाठवायचं ठरवलं होतं. बायकांना स्वच्छता शिकवायची, शिवण शिकवायचं, मुलांच्या डोळ्यांत औषध घालायचं, आणि मुख्य म्हणजे घराघरात बिनधुराची चूल बसवायची. माझ्या वाट्याला आली ती भुशीच्या पुढे, कड्याच्या अंगाला असलेली एक वाडी. डोंगरातल्या जुन्या रहिवाशांची वीस-बावीस घरं. भात, नाचणी, थोडी गुरं, आणि उरलेले दिवस कुणाच्या तरी बंगल्यावर किंवा रस्त्याच्या खडीवर मजुरी. तालुक्याच्या कचेरीतून मला एक औषधांची पेटी मिळाली, चुलीचा एक नकाशा मिळाला, आणि एक लेडीज सायकल मिळाली. हिरवी, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात कचेरीचा नंबर घातलेली. कारकुनानं सही घेताना बजावलं, की नेमणूक हंगामी आहे; दुसऱ्या दिवाळीच्या आत साहेब येऊन चुली बघतील, चुली चालू असल्या तर कायम करतील. नाही तर सायकल इथे आणून जमा करायची.

सायकल हातात धरली आणि मला काय वाटलं ते मी यजमानांनासुद्धा सांगितलं नाही. नोकरी कायम व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. मला सायकल कायम व्हावी असं वाटत होतं. त्या गावात माझं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं. खोली भाड्याची, बोली दुकानदाराला न कळणारी, यजमान रेल्वेचे. पण सकाळी साडेनऊला त्या सीटवर बसलं, की पुढचा तासभर मी कुणाची कोण, हे विचारणारं कुणी नसायचं.

नागपुरात मी मॅट्रिकपासून सायकल चालवत होते, म्हणून मला स्वतःबद्दल फार मोठा अभिमान होता. पण नागपूरचे रस्ते म्हणजे पट्टीनं आखलेले. तिथे सायकलीला ब्रेक असतात, ते दुकानदार शोभेसाठी देतो, अशी माझी समजूत होती. भुशीच्या चढावर पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेत उतरले आणि सायकल हातात धरून चालले. त्याला लाज नाही. लाज परतीच्या वाटेवर गेली. उतारावर सायकल मला घेऊन निघाली. मी दोन्ही ब्रेक दाबले. ओल्या रबरांनी चाकाला नुसतं गोंजारलं. भाताच्या एका खाचरात मी थांबले. खाचर मऊ होतं. समोर लावणी करणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या होत्या, त्या ताठ उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक म्हणाली की बाई, रोपं लावायला यायचं तर चालत यायचं असतं.

पण खरी फजिती धुक्यात झाली. कड्यावरून ढग वर चढून आले की त्या वाटेवर आपलाच पुढे केलेला हात दिसत नसे. मी शहाणपणानं सारखी घंटी वाजवत चालले होते. नागपुरात घंटी वाजवली की माणसं बाजूला होतात. इथे धुक्यातून आवाज आला, "हाड, हाड," आणि पाठोपाठ माझ्या मडगार्डवर काठी बसली. मी ओरडले. धुक्यातून एक बाई बाहेर आली, चाळिशीची, डोक्यावर इरलं, हातात काठी. माझ्याकडे, मग सायकलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आगं बया. आमाला वाटलं, आमची गाय सुटली."

या मावशी. पुढे माझा सगळा कारभार त्यांच्याच ओसरीवरून चालला. त्यांनी त्या दिवशी मला तिथली रीत सांगितली. धुक्यात वाट चालताना माणसानं मोठ्यानं बोलत चालायचं. एकटं असलं तरी. घंटा गुरांच्या गळ्यात असते. घंटा ऐकली की जनावर समजून हाकलायचं, बोलणं ऐकलं की माणूस समजून वाट द्यायची. आणि खरंच, त्या वाटेवर ढगांतून घरगुती गोष्टी ऐकू यायच्या. कुणी न दिसणारा बाप्या आपल्या न दिसणाऱ्या बैलाला भावकीची भानगड समजावून सांगत चाललेला असे. मला एकटीनं बोलायला काही सुचेना. म्हणून मी पाढे म्हणायला लागले. भुशीच्या पाण्यापाशी बे एके बे सुरू करायचे, आणि चढ जसा वाढेल तसा पाढा जड होत जायचा. वाडीत बायकांना एकही आकडा लिहिता येत नव्हता, पण सतराचा पाढा कानावर आला की मावशी चहाचं आधण ठेवत. एकोणतीसचा पाढा मला कधीच आला नाही. सुदैवानं त्याच्या आत वाडी यायची.

यजमानांचा रेल्वेचा रेनकोट मी घालत असे. तो मला दोनदा गुंडाळता आला असता. तरीही पाऊस कुठून शिरायचा कळत नसे. चढावर तो समोरून येई, उतारावर खालून. वाडीत पोचेपर्यंत साडी पिळून काढावी अशी झालेली असे. मावशी मला आत घेत, आपलं एक सुकं लुगडं देत, आणि माझी साडी चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर टाकत. त्याच दोरीवर घोंगडी, त्याच दोरीवर सुकटीची गाठोडी, काकडी-भोपळ्याच्या बियाण्याच्या पुरचुंड्या. मी नेसायला गेले तर नऊवारी मला जमेना. मावशी हसून हसून माझ्या निऱ्या खोचून देत. तीन वाजता माझी साडी कडकडीत वाळलेली असे. तिला धुराचा वास यायचा. मी नाक मुरडायचे आणि मनात म्हणायचे, थांबा, पुढच्या वर्षी हा धूर राहणार नाही.

तो धूर मला खरोखरच बघवत नव्हता. बायकांचे डोळे कायम लाल. पोरं खोकायची. मी डोळ्यांत औषध घालायचे आणि त्या पुन्हा जाऊन त्याच धुरात फुंकणी घेऊन बसायच्या. म्हणून दिवाळी झाली, जमीन सुकली, तशी मी चुलींना लागले. आधी मावशींची. नकाशा पुढे ठेवून माती कालवली, भोकं पाडली, मातीच्या नळ्या एकावर एक ठेवून धुराडं भिंतीतून बाहेर काढलं. पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा अर्धी वाडी अंगणात जमली, आणि धूर घराच्या आत न येता बाहेर गेला. बायका धुराड्याकडे बघत राहिल्या. मावशी म्हणाल्या की घरात असून नसल्यासारखी चूल झाली. मला वाटलं, कौतुक केलं. आता वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं.

होळीपर्यंत अकरा घरं झाली. रोज संध्याकाळी भुशीचा उतार उतरताना, तोपर्यंत मला ब्रेक कळले होते, मी मनातल्या मनात साहेबांचं स्वागत करत असे. साहेब चुली बघताहेत, साहेब मान डोलवताहेत, साहेब सही करताहेत, आणि मी, कायम झालेली, माझ्या हिरव्या सायकलवर बसून घरी चालले आहे.

मग माझा दुसरा पावसाळा आला. मी नेहमीसारखी भिजून जायचे, मावशी नेहमीसारखं लुगडं द्यायच्या, साडी नेहमीच्या दोरीवर जायची. पण तीन वाजता ती ओलीच. गार, जड. मी तशीच नेसून उतारानं घरी यायचे आणि रात्रभर शिंकायचे. त्याचा चुलीशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी यजमानांना म्हणायचे, यंदा पाऊस जास्त आहे.

पंधरा-वीस दिवस असे गेले, आणि साडी पुन्हा वाळायला लागली. मी म्हटलं, पाऊस कमी झाला. यजमान पुस्तक वाचत बसले होते. त्यांनी नाक वर केलं, माझा पदर हातात घेतला, हुंगला, आणि शांतपणे म्हणाले, "तुझी चूल बिनधुराची ना?"

मी म्हटलं, हो.

"मग हा वास कशाचा?"

त्या प्रश्नावर मी त्यांच्यावर चिडले, हे कबूल करते. पण दुसऱ्या दिवशी चढ कधी चढले कळलं नाही. पाढेसुद्धा म्हटले नाहीत, त्यामुळे एका म्हशीनं मला वाट दिली नाही, ते वेगळं. वाडीत शिरले. मावशींच्या घराबाहेर गेले आणि धुराड्यात हात घातला. आत फडक्यांचा बोळा. घट्ट कोंबलेला, वर शेणानं लिंपलेला, व्यवस्थित. शेजारच्या घरी गेले. तिथेही बोळा. अकरापैकी नऊ घरांत बोळे. उरलेल्या दोन घरांनी धुराडंच काढून परसात ठेवलं होतं आणि त्यात कोंबडी अंड्यावर बसली होती.

मी मावशींच्या ओसरीवर बसले. रडू येत होतं, पण नोकरीतल्या बाईनं रडू नये असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मावशी आतून आल्या. माझ्या हातात तो बोळा होता. त्यांनी तो बघितला, लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "आत या. वर बघा."

मी वर बघितलं. माझ्या सबंध वर्षात मी त्या घरात चुलीकडे बघितलं होतं, वर कधी बघितलं नव्हतं. छप्पर गवताचं. चुलीच्या वरचं गवत काळं, चकचकीत, जुन्या लाकडासारखं घट्ट. पण कोपऱ्याच्या बाजूला ते पिवळं-हिरवं झालं होतं, आणि त्यातून पांढऱ्या अळंब्या खाली डोकावत होत्या.

"तुमचं ऐकलं आमी तीन आठवडं," मावशी म्हणाल्या. "धूर वर जाईना, तर गवत कुजाय लागलं. बियान्याला किडा लागला. लाकडं पेटंनात. डोळं चुरचुरत्यात, व्हय, न्हाई कोन म्हनतंय? पन छप्परच खाली आलं, तर हे डोळं घिऊन कुटं जाऊ?" मग त्यांनी सांगितलं, की पहिला बोळा त्यांनीच घातला. मी ओल्या साडीनं सायकलवर जात होते, ते त्यांना बरं दिसेना.

मी उन्हाच्या गावातली. आमच्याकडे धूर म्हणजे घाण. चार महिने ढगात राहणाऱ्या घराला धूर हाच वाळवणारा, हाच राखणारा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्यालाही बहुतेक कुणी सांगितलं नसावं. तो माझ्यासारखाच कुठल्या तरी कोरड्या गावात बसला असणार. पहिला सबंध पावसाळा त्या चुलीवरच्या धुरात माझी साडी वाळली, मी ती नेसले, तिचा वास घेऊन घरी आले, आणि तरी मला दिसलं नाही. आता मुलं मला म्हणतात, आई, तुला साधं कसं कळत नाही? मी म्हणते, मला पहिल्यापासून सवय आहे.

त्यानंतरचे दोन महिने मी ओठ शिवले. यजमानांना म्हटलं, काही तरी वास असेल. मी बोळे बघितलेच नाहीत असं वागायला लागले, आणि मावशी मी बघितलेत हे विसरल्यासारखं वागायला लागल्या. कचेरीला दर महिन्याला मी अहवाल पाठवायचे. त्यात लिहायचे, अकरा चुली. चालू की बंद, ते लिहायला रकाना नव्हता, आणि नसलेला रकाना भरायचा नाही, एवढं मी नोकरीत शिकले होते. मनाशी मात्र हिशेब मांडत होते: खरं सांगितलं, तर सायकल जाते. गप्प बसले, तर सायकल राहते, आणि पुढच्या वर्षी बाकीची घरं आणि पलीकडच्या दोन वाड्या माझ्या नकाशाखाली येतात. चढावर असताना वाटायचं, सांगून टाकावं. उतारावर वारा लागला की वाटायचं, कशाला.

नवरात्र झाल्यावर साहेब आले. जीप भुशीच्या पुढे थोडी आली आणि थांबली. तिथून साहेब चालत. चांगले गृहस्थ होते, पायांत बूट, हातात छत्री, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला नमस्कार करणारे. मी त्यांच्या मागे सायकल हातात धरून.  पहिल्याच घरात बोळा दिसणार, हे मला ठाऊक होतं.

पहिल्या घरात बोळा नव्हता. चूल सारवलेली, कडेनं चुन्याची बोटं उठवलेली, वर भांडं, आणि धुराड्यातून बाहेर निळी रेघ निघालेली. दुसऱ्या घरात तसंच. तिसऱ्या घरात परसातलं धुराडं पुन्हा भिंतीत बसलं होतं. कोंबडीचं काय केलं कोण जाणे. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. पण साहेब येणार हे मी आदल्या आठवड्यात चहा पिताना बोलले होते, आणि सायकल जमा करावी लागते हेही कधी तरी बोलले असणार. बायका दारात उभ्या होत्या, पदर डोक्यावर, तोंडं अगदी साधी. एकीनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

शेवटी मावशींचं घर. साहेब वाकून आत गेले. त्यांनी विचारलं, काही त्रास आहे का चुलीचा? मावशी म्हणाल्या, न्हाई साहेब, लय सुख झालं. बाईनं लय कष्ट घेतलं. साहेबांनी वही काढली, पेन काढलं, सही करायच्या आधी सभ्यपणानं माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

असं विचारायची काही गरज नव्हती. पुष्कळ साहेब विचारत नाहीत.

मी वर बघितलं. पावसाळा संपून गवत सुकलं होतं, पण कोपऱ्यातल्या अळंब्यांच्या जागी काळे डाग राहिले होते. मी म्हटलं, "साहेब, पावसाळ्यात या बायका धुराडं बुजवतात. आणि त्यांचं बरोबर आहे." आणि मग छपराचं, बियाण्याचं, लाकडांचं, सगळं सांगितलं. फार पटापट बोलले. नागपुरी बोलले असणार, कारण साहेबांनी दोनदा "काय?" म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मग वर्षभर तुम्ही काय केलंत?"

प्रश्न रास्त होता.  म्हणून जे खरं होतं ते म्हटलं, "सायकल चालवली, साहेब."

साहेब हसले नाहीत. यजमान त्या संध्याकाळी हसले, आणि पुढे पंचवीस वर्षं, कुणी पाहुणा आला की ती गोष्ट सांगून हसत राहिले. पण त्या दिवशी साहेबांनी वही पिशवीत ठेवली, लेखी कळवा म्हणाले, आणि भुशीच्या दिशेनं चालू लागले.

मला वाटलं होतं, मावशी आता मला जवळ घेतील. खरं बोलणाऱ्या माणसाला अशी काही तरी आशा असते. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी धुराड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चार दिस आमी रानात गेलो न्हाई. चुली सारवल्या. खरं बोलंल म्हनून सासूला गप बसवली," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी झाकलं, अन् तुमीच उघडं केलं."

मी म्हटलं, पण मावशी, पुढच्या वर्षी बाकीच्या घरांत चुली बसवल्या असत्या.

"बसवल्या असत्या. आमी बोळं घातलं असतं. तुमचं काय जात होतं?" आणि मग आवाज खाली घेऊन, "आता दुसरी बाई यायची न्हाई हितं. पोरांच्या डोळ्यांत औषद कोन घालनार?"

मी सायकलचं हँडल धरलं आणि उतारानं निघाले. 

मी लेखी कळवलं. चार पानं लिहिली, छपराचं चित्रसुद्धा काढलं. माघात पत्र आलं. आपल्या कार्याची नोंद घेण्यात आली आहे, असं एक वाक्य होतं. सदर भागात चुलींचा कार्यक्रम स्थगित करण्यात येत आहे, असं दुसरं. सदर भागातली नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही, असं तिसरं. सायकल व पेटी जमा करावी, हे चौथं. चारही वाक्यं आपापल्या जागी बरोबर होती. चुली थांबल्या, हे मला हवं होतं. पण औषधाची पेटीही थांबली, कारण चूल आणि पेटी एकाच बाईच्या हातात दिलेली होती. वाडीत पुढची दोन-तीन वर्षं कुणीच गेलं नाही, असं मला नंतर कळलं. मावशींना माझ्यापेक्षा कचेरी जास्त ठाऊक होती.

मी तेव्हा स्वतःला फार समजावलं, की मी बायकांच्या छपरांसाठी बोलले. ते खोटं नाही. पण थोडं असंही असेल, की अकरा घरांनी मिळून माझ्यासाठी काही केलं, आणि ते घ्यायला मला संकोच वाटला. परक्या गावात माणूस उपकार घ्यायला घाबरतो. खरं बोलून मी त्या उपकारातून सुटले, आणि त्याची किंमत पोरांच्या डोळ्यांनी दिली. कधी वाटतं, गप्प बसायला हवं होतं. कधी वाटतं, बोलले ते ठीक, पण आधी मावशींना विचारायला हवं होतं. चुलीच्या बाबतीत विचारलं नव्हतं, आणि खरं बोलण्याच्या बाबतीतही नाही.

निरोप घ्यायला वाडीत गेले तेव्हा मावशी खडीच्या कामावर गेल्या होत्या, की मुद्दाम गेल्या होत्या, सांगता येत नाही. त्यांच्या सुनेनं चहा दिला. बाकीच्या बायका आल्या, बोलल्या, हसल्या. मी पेटीतली उरलेली सगळी औषधं त्यांच्या हवाली केली आणि कोणतं कशाचं ते तीन-तीनदा सांगितलं. पेटी रिकामीच जमा केली. त्याबद्दल कचेरीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, औषधं संपली. म्हणजे खोटं बोलता येत नाही असं काही नव्हतं.

सायकल तालुक्याला, वडगावच्या कचेरीत जमा करायची होती. यजमानांनी गार्डाशी बोलून ठेवलं होतं, की सायकल पॅसेंजरच्या ब्रेकच्या, म्हणजे गार्डाच्या सामानाच्या डब्यात टाकू, पाऊण तासात वडगाव. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. सकाळी डबा बांधून दिला आणि मागच्या चाकात हवा भरून दिली, जी त्यांनी दीड वर्षात कधी भरली नव्हती.

पंधरा-सोळा मैल. एवढं मी कधी चालवलं नव्हतं. वलवण गेलं, कार्ल्याचा फाटा गेला. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक मला थोडी रस्त्याखाली ढकलून जात होता. ऊन छान होतं, हवा कोरडी. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं. कामशेतच्या अलीकडे एका झाडाखाली बसून मी डबा खाल्ला. शेजारी एक हरभऱ्यावाला बसला होता. त्यानं विचारलं, बाई, कुठल्या? मी म्हटलं, लोणावळ्याची. त्यानं पुढे काही विचारलं नाही, मान डोलवली, आणि हरभऱ्याची एक जुडी माझ्या कॅरियरला अडकवून दिली.

कचेरीत कारकुनानं सायकल चहूबाजूंनी बघितली, टायर दाबले, ब्रेक दाबले. म्हणाला, ब्रेकची रबरं फार झिजलीत. मी म्हटलं, हो. त्यानं तसं लिहून घेतलं आणि सायकल आतल्या खोलीत दोन मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभी केली.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. रस्ता बराच वेळ रुळांच्या शेजारूनच जातो. मी ज्या झाडाखाली बसले होते ते शोधत होते. पण गाडीतून सगळी झाडं सारखी दिसत होती, आणि मांडीवर हरभऱ्याची जुडी घेऊन मी चढावर चढ मागे पडताना बघत राहिले. पाय मात्र दुखत होते, आणि ते दुखणं पुढे चार दिवस राहिलं.